सिनेमात रान दिसलं, रानवाले कुठं गेले?



गेल्या काही महिन्यांपासून आपल्या पोरांच्या मोबाइलवर जुने सरकारी सिनेमे फिरत आहेत. काही काळे-पांढरे, काही रंगीत, दहा-पंधरा मिनिटांचे. राज्याची ओळख करून देणारे, देशाची ओळख करून देणारे. डोंगर, नद्या, लेणी, मग धरणं, मग कारखाने, मग नाच. दवनीवाडा पट्ट्यातल्या आपल्या बैठकांतही पोरांनी ते दाखवले. म्हातारी माणसं म्हणाली, ‘हे तर आमी प्रसिद्धीच्या गाडीवर पाहिलं होतं जी.’ पोरं म्हणाली, ‘केवढा सुंदर होता आपला महाराष्ट्र!’

सुंदर होता, यात वाद नाही. तो सुंदर कुणी राखला आणि सिनेमात त्याची नोंद कुठं आहे, हा वाद आहे.

वनहक्काच्या दाव्यांचं काम अर्धवट पडलं असताना पत्रकाची पानं सिनेमावर काहून घालवता, असं कुणी विचारेल. त्याचं कारण सांगतो. ज्या नजरेनं हे सिनेमे काढले, त्याच नजरेनं आज आपल्या दाव्याची फाइल वाचली जाते. ती नजर एकदा ओळखली, की साहेबाच्या टेबलासमोर काय बोलायचं ते आपल्याला कळेल.

सिनेमा कुणी काढला, पैसे कुणी दिले

इंग्रजांनी दुसऱ्या महायुद्धात असे माहितीपट काढायला सुरुवात केली. १९४३ साली त्यांनी टॉकीजवाल्यांवर सक्ती केली, की प्रत्येक खेळात सरकारनं मंजूर केलेला छोटा सिनेमा दाखवलाच पाहिजे. इंग्रज गेले, रीत राहिली. १९४८ साली मुंबईत फिल्म्स डिव्हिजन हे केंद्र सरकारचं खातं उभं राहिलं. देशातल्या प्रत्येक टॉकीजला लायसन्सच्या अटीतच बांधून टाकलं. आधी सरकारचा सिनेमा, मग तुमचा. वरून टॉकीजवाल्यानंच त्या सिनेमाचं भाडं सरकारला भरायचं. काही टॉकीजवाले कोर्टात गेले. १९९९ साली सुप्रीम कोर्टानं ही सक्ती योग्य ठरवली.

आता पाहा, टॉकीजवाला भाडं कुठून भरेल? तिकिटातून. बिडीच्या मजुरीतून चार पैसे वाचवून गोंदियाला सिनेमा पाहायला गेलेल्या आपल्या आज्या-आजोबांनी त्या सरकारी सिनेमाचेही पैसे दिले. जिथं टॉकीज नव्हती तिथं १९५३ पासून केंद्राच्या प्रसिद्धी खात्याच्या गाड्या फिरू लागल्या. गाडीत मशीन, परदा आणि भोंगा. पंचवार्षिक योजना गावोगाव पोचवायची, हे त्या गाडीचं काम.

म्हणजे हा सिनेमा कुण्या हौशी माणसाचा खेळ नव्हता. सरकारनं काढला, सरकारनं सक्तीनं दाखवला आणि जनतेनं त्याचे पैसे भरले. म्हणून त्याला जाब विचारायचा आपला हक्क आहे.

साचा एकच

असे पाच-सात सिनेमे लागोपाठ पाहिले, की साचा ध्यानात येतो. सुरुवातीला नकाशा किंवा सूर्योदय. मग डोंगर, किल्ले, अजिंठा-वेरूळ. मग ‘पण हे राज्य केवळ भूतकाळात रमलेलं नाही’ अशा चालीचं एक वाक्य येतं आणि परद्यावर चाकं फिरू लागतात. मुंबईच्या गिरण्या, प्रवरेचा साखर कारखाना, कोयनेची वीज. आपल्या अंगाला आले तर नागपूरची संत्री, चांद्याचा कोळसा, तुमसरकडचं मँगनीज, बल्लारपूरचा कागद. शेवटी आदिवासी नाच आणि सूर्यास्त.

आता निवेदकाचं बोलणं कान देऊन ऐका. तो म्हणतो, जंगलातून बांबू येतो. बांबूचा लगदा होतो. लगद्याचा कागद तयार होतो.

येतो म्हणजे कसा येतो? बांबूला पाय आहेत का? कुऱ्हाडीचे घाव कुणी घातले, मोळी कुणी बांधली, खांदा कुणाचा सोलला, हे त्या वाक्यात कुठं बसतच नाही. ‘होतो’, ‘येतो’, ‘केला जातो’, ‘निर्माण झाली’ – आपल्या मराठीत करणाऱ्याचं नाव गाळायची ही सोय फार जुनी आहे. सरकारी भाषा याच सोयीवर जगते. ‘अतिक्रमण हटवण्यात आले.’ कुणी हटवलं? कुणाचं हटवलं? झोपडी पाडणाऱ्याला नाव नाही, झोपडीवाल्याला नाव नाही. सिनेमातला निवेदक आणि नोटीस लिहिणारा बाबू एकाच शाळेत शिकले आहेत.

आपल्या ग्रामसभेच्या ठरावात ही भाषा वापरू नका, असं आम्ही वारंवार सांगतो ते याचसाठी. ‘जंगल राखले जाते’ लिहू नका. ‘आम्ही जंगल राखतो’ लिहा. ‘मोहफूल गोळा केले जाते’ लिहू नका. कोणत्या टोल्याच्या बाया, कोणत्या रानात, किती पिढ्यांपासून मोह वेचतात, ते लिहा. करणारा गाळला, की हक्कही गळतो.

निसर्गरम्य म्हणजे कुणाची मेहनत?

आपल्या गोंदिया-भंडाऱ्याला तलावांचा मुलूख म्हणतात. परद्यावर तलाव आला, की निवेदक ‘निसर्गरम्य’ म्हणून मोकळा होतो. नवेगाव बांधचंच घ्या. पाणी, चहूकडे डोंगर, हिवाळ्यात येणारे पक्षी. कुणालाही भूल पडेल. पण ते तळं निसर्गानं केलं नाही. त्याच्या नावातच बांध आहे. कोलू पाटील कोहळ्यानं तो बांध बांधला, हे आपल्या मुलखात पोरासोरांना ठाऊक आहे. डोंगरांमधली तोंडं मातीनं बुजवायला किती हात लागले असतील? कोहळी, गोंड, ढिवर, पोवार, कुणबी – या मुलखातल्या जातीजमातींनी बोड्या खोदल्या, पाळी घातल्या, पाणी वाटून घेतलं, धान पिकवला. ज्याला ते सीनसीनरी म्हणतात, ती आपल्या पूर्वजांची मजुरी आहे. पाण्याखाली माती आहे आणि त्या मातीत घाम आहे.

आता दुसरं तळं पाहा, पुण्याकडचं मुळशीचं. तेही पोस्टरवर निसर्गरम्यच दिसते. तिथं टाटांच्या धरणात मावळातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी बुडाल्या. १९२१ साली तिथल्या लोकांनी सत्याग्रह केला, सेनापती बापट त्यात होते. तरी धरण झालं. एक तळं लोकांनी बांधलं आणि एका तळ्यानं लोकांना बुडवलं. सिनेमाच्या डोळ्याला दोन्ही सारखीच. वरून पाणी चमकलं, की झालं.

कोयनेचंही तेच. कोयनेची वीज प्रत्येक सिनेमाची शान. पण ज्यांची गावं गेली ते धरणग्रस्त अजून पुनर्वसनासाठी मोर्चे काढतात. महाराष्ट्रात प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा आला १९७६ साली. वीज आधी आली, कायदा मागून आला. मधल्या काळात उठलेल्या माणसांनी काय करायचं होतं? सिनेमात दिवा लागल्याचं दिसते. कुणाच्या घरचा दिवा विझला, त्यासाठी कॅमेरा थांबला नाही.

पान आणि बांबू

बिडी हा आपल्या गोंदियाचा मोठा धंदा. बिडीची ओळख करून देताना कारखाना दिसेल, बोटं भराभर फिरताना दिसतील, लेबल लावलेले गठ्ठे दिसतील. पान मात्र जणू आभाळातून पडलं.

पान कसं येतं ते आपण सांगू. उन्हाळ्याच्या तोंडाला तेंदूच्या झुडपांची छाटणी करावी लागते, तेव्हा कोवळं पान फुटते. मे महिन्यात पहाटे अंधारात घर सोडायचं. सूर्य तापायच्या आत पान खुडायचं, घरी आणायचं, सारं घर बसून पुडके बांधायचे. एका पुडक्यात सत्तर पानं. शंभर पुडके म्हणजे ७००० पानं, एकेक पान हातानं खुडलेलं. मग फडावर न्यायचं. फडमुंशी म्हणेल हे पान लहान, हे फाटलं, हे काळं. जे टाकलं त्याची मजुरी नाही. पुढं बिडी वळणाऱ्या बाईच्या नशिबीही तीच छाट.

१९६९ साली महाराष्ट्रानं वनउपजाच्या व्यापाराचा कायदा केला आणि तेंदूपत्त्याचा व्यापार सरकारच्या हाती गेला. पानाचा धनी सरकार, खरेदीदार ठेकेदार आणि आपण मजूर. ज्या रानात आपल्या देवाची जागा, त्या रानातलं पान आपण ‘सरकारच्या’ परवानगीनं खुडू लागलो. हे कोणत्या सिनेमात सांगितलं?

बांबूची गोष्ट तर आणखी भारी आहे. बांबू गवत आहे, हे गुरं राखणाऱ्या पोरालाही कळते. पण १९२७ च्या इंग्रजी वन कायद्यानं त्याला झाडात घातलं. झाड म्हटलं, की ते खात्याचं. त्यामुळे गिरणीला ट्रकच्या ट्रक बांबू जाऊ शकत होता आणि घराच्या ताट्याला दोन काठ्या आणल्या, की नाकेदार कुऱ्हाड जप्त करायचा. ही रीत मोडायला २००६ चा वनहक्क कायदा यावा लागला. त्यानं बांबू गौण वनउपजात आणला आणि गौण वनउपज गोळा करायचा, वापरायचा, विकायचा हक्क आपला मानला. तरी खातं मानायला तयार नव्हतं. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाला सुमारे १८०० हेक्टर रानावर सामूहिक हक्क मिळाला होता, पण बांबू विकायला वाहतूक पास मिळेना. शेवटी २७ एप्रिल २०११ ला केंद्राचे मंत्री जयराम रमेश आणि राज्याचे मुख्यमंत्री गावात आले आणि पासाचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. २०१३ च्या हंगामात गोंदिया-गडचिरोलीतल्या काही ग्रामसभांनी तेंदूपत्ताही स्वतः विकला.

सिनेमात ‘जंगलातून बांबू येतो’ होतं. मेंढ्याच्या पासावर ग्रामसभेचं नाव आलं. वाक्यात कर्ता आला, तेव्हा कुठं गावाच्या हाती पैसा आला.

आम्ही दिसतो, पण नाचताना

कुणी म्हणेल, आदिवासी दिसतच नाहीत असं कसं? शेवटी नाच असतोच की. होय, असतो. आपला नाच आपल्याला प्यारा आहे, त्याची लाज नाही. पण नाचणाऱ्या माणसाचं पोट सिनेमात नसते, शेत नसते, सातबारा नसतो, तक्रार नसते. नाचात दिसला तो आदिवासी सुंदर. तोच माणूस पट्टा मागायला कचेरीत गेला, की अतिक्रमक.

फिल्म्स डिव्हिजननं १९५३ साली आदिवासींवर एक सिनेमा काढला. त्याचं इंग्रजी नाव ‘आवर ओरिजिनल इनहॅबिटंट्स’, म्हणजे ‘आपले मूळ रहिवासी’. नाव नीट वाचा. सरकारच्या खात्यानं, सरकारच्या पैशानं, १९५३ साली आपल्याला मूळ रहिवासी म्हटलं. आणि आता तेच सरकार विचारते, १३ डिसेंबर २००५ च्या आधी तुम्ही इथं होता, याचा पुरावा काय? परद्यावर मूळ रहिवासी आणि फाइलमध्ये घुसखोर! दोन्ही खरं कसं असेल?

सरकारी सिनेमाचीच ही रीत होती असंही नाही. आपल्या शेजारच्या बस्तरात गढबेंगाल नावाचं मुरियांचं गाव आहे. तिथं स्वीडन देशाचा सिनेमावाला आर्ने सुक्सडोर्फ आला. चेंदरू नावाच्या पोराला वाघांच्या बछड्यांसोबत खेळताना त्यानं टिपलं. १९५७ साली आलेला तो सिनेमा जगभर गाजला. पोराला स्वीडनला नेलं, मिरवलं, परत आणून सोडलं. चेंदरू मंडावी जन्मभर गरिबीत राहिला आणि २०१३ च्या सप्टेंबरात जगदलपूरच्या दवाखान्यात वारला. सिनेमावाल्याचं नाव झालं, रानाचं नाव झालं. ज्याच्या तोंडावर सिनेमा चालला, त्याच्या हातात काय आलं?

सगळे सिनेमावाले एका माळेचे मणी होते, असं आम्ही म्हणत नाही. त्याच फिल्म्स डिव्हिजनसाठी सुखदेव यांनी १९६७ साली देशभर हिंडून ‘इंडिया ६७’ काढला, त्यात निवेदकच नाही. कुणी वरून शिकवत नाही, बघणाऱ्यानं बघावं. १९९५ साली आनंद पटवर्धन आणि सिमंतिनी धुरू यांनी ‘नर्मदा डायरी’ काढली. त्यात नर्मदेकाठचे आदिवासी नाचतातही आणि बोलतातही. बुडणार नाही, उठणार नाही, असं स्वतःच्या तोंडानं सांगतात. म्हणजे कॅमेरा वैरी नाही. कॅमेऱ्यामागं कोण उभं आहे आणि तो कुणाला बोलू देतो, त्यावर सारं आहे.

‘तुम्ही विकासाच्या विरोधात आहात का?’

हा प्रश्न येणारच. उत्तर सरळ देऊ. आमच्या घरी वीज हवी, पोरांना शाळा हवी, रस्ता हवा, पावसानं दगा दिला तर धानाला पाणी हवं. इटियाडोहचं पाणी अर्जुनी-मोरगावच्या आणि खाली गडचिरोलीच्या बांध्यांना जाते, तिथला शेतकरी त्यावर उभा आहे, हे आम्ही नाकारत नाही. कारखान्यात आमचीही पोरं कामाला आहेत.

आमचं म्हणणं हिशेबाचं आहे. घरातल्या लग्नाचा हिशेबसुद्धा जमा आणि खर्च, दोन्ही बाजूंनी लिहितात. या सिनेमांनी पन्नास वर्षं फक्त जमेची बाजू दाखवली. इतकी वीज, इतका कागद, इतकी साखर. खर्चाच्या बाजूला कुणाचं रान, कुणाचं गाव, कुणाचं निस्तार गेलं, तो रकाना कोराच ठेवला. एवढी वर्षं एकच बाजू पाहिली, की बघणाऱ्याला वाटू लागते, खर्च झालाच नाही. मग शहरातला भला माणूससुद्धा विचारतो, ‘या आदिवासींना अडचण काय आहे?’ त्याचा दोष थोडा. त्याला दुसरी बाजू दाखवलीच नाही.

कायद्यानं मात्र ती बाजू मान्य केली. वनहक्क कायद्याच्या पहिल्याच पानावर लिहिलं आहे, की वनवासी लोकांवर ऐतिहासिक अन्याय झाला. सरकारनं स्वतःच्या कायद्यात स्वतःचा अन्याय लिहून दिला. त्याचा सिनेमा कधी निघेल?

सिनेमा संपला नाही, रूप बदललं

आता टॉकीजात सरकारी सिनेमा लागत नाही, म्हणून तो संपला असं समजू नका. तो पर्यटनाच्या जाहिरातीत आहे. नागझिरा १९७० साली अभयारण्य झालं, नवेगाव १९७५ साली राष्ट्रीय उद्यान झालं, आणि डिसेंबर २०१३ मध्ये दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. पोस्टरवर वाघ आहे, पाणी आहे, जिप्सी गाडी आहे, टोपी घातलेला पाहुणा आहे. गाव नाही. वाघ आपलाही आहे. वाघोबाची जागा आपल्या सीमेवर आहे आणि तिथं नारळ आपणच फोडतो. पण जिथून आपल्याला काढलं, तिथंच पाहुण्याला तिकीट काढून पाठवतात, तेव्हा विचारावं लागते: रानाला त्रास माणसाचा होतो की फक्त गरीब माणसाचा?

तो सिनेमा उपग्रहाच्या फोटोतही आहे. जुन्या सिनेमात विमानातून घेतलेलं दृश्य असायचं. खाली हिरवं, मधे नदीची रेघ, माणूस दिसत नाही. आज दाव्याच्या सुनावणीत तसाच फोटो टेबलावर टाकतात. ‘पाहा, इथं २००५ साली शेत दिसत नाही.’ झाडं राखून, मोह-तेंदू उभे ठेवून केलेलं शेत वरून रानासारखंच दिसेल. ज्यानं झाडं तोडली नाहीत त्याचा दावा फेटाळायचा, हा कुठला न्याय? नियम काय म्हणतात ते पाठ करून ठेवा: उपग्रहाचा फोटो जोडपुरावा म्हणून वापरता येतो, बाकीच्या पुराव्यांची जागा तो घेऊ शकत नाही. आणि समितीला एकाच प्रकारच्या कागदाचा हट्ट धरता येत नाही.

मग करायचं काय?

रडून उपयोग नाही आणि जुन्या सिनेमावर थुंकूनही नाही. आमचं म्हणणं असं:

१) हे सिनेमे पाहा, म्हाताऱ्यांना सोबत घेऊन पाहा. कुठलं तळं, कुठला डोंगर, कुठला बाजार, हे ओळखा. नियम १३ मध्ये पुराव्यांची जी यादी आहे, त्यात सिनेमाचं नाव नाही, पण सरकारी नोंदी आहेत. सरकारी खात्यानं काढलेला सिनेमा ही सरकारी नोंद नाही तर काय? आपल्या मुलखाची जागा त्यात ओळखू आली आणि तिथं माणसं, शेतं, गुरं दिसली, तर ग्रामसभेच्या ठरावात तसं नमूद करा. त्यांनी शोभेसाठी टिपलं, आपण साक्षीसाठी वापरू.

२) नुसत्या सिनेमावर विसंबू नका. एकापेक्षा जास्त पुरावे लागतात, आणि आपल्याकडे भरपूर आहेत. दावेदार सोडून दुसऱ्या वडीलधाऱ्यांचं लेखी निवेदन हा कायद्यानं मानलेला पुरावा आहे. जुनी विहीर, स्मशान, देवस्थान, बांध, पाळ, वंशावळ, हे सगळे मानलेले पुरावे आहेत. म्हातारं माणूस गेलं, की एक पुरावा जातो. निवेदनं या उन्हाळ्याच्या आत लिहून घ्या.

३) आपलं आपण टिपा. पोरांच्या हातात मोबाइल आहे. रानाच्या प्रत्येक भागाला आपलं नाव आहे. ते नाव घेत, रान दाखवत, कोण काय वेचते ते सांगत चित्रण करा. निवेदक नको, ज्याचं काम त्यानंच बोलावं. गोंडीत बोलावं, पोवारीत बोलावं, झाडीच्या बोलीत बोलावं. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, दंडार होते, तिथं परदा लावून दाखवा. चार गावांचे लोक एका जागी सापडतात.

४) ग्रामसभेत ठराव घ्या, की आमच्या रानाची, देवस्थानाची, नाचाची जाहिरात किंवा सिनेमा काढायचा असेल तर आधी ग्रामसभेला विचारा. २०१३ साली ओडिशातल्या नियमगिरीच्या बारा ग्रामसभांना सुप्रीम कोर्टानं विचारायला लावलं आणि बाराही ग्रामसभांनी खाणीला नाही म्हटलं. डोंगराबद्दल ग्रामसभेला विचारता येते, तर डोंगराच्या जाहिरातीबद्दल का नाही?

५) कायद्याच्या कलम ४(५) चा कागद घरोघर ठेवा. दाव्याची पडताळणी पूर्ण होईपर्यंत वनजमिनीवरून कुणालाही हटवता येत नाही. कुणी ‘हटवण्यात येईल’ म्हणत आलाच, तर पहिला प्रश्न विचारा: कोण हटवणार? नाव सांगा, हुद्दा सांगा, लेखी द्या.

हा शेवटचा प्रश्न लहान वाटेल. पण सिनेमापासून नोटिशीपर्यंत सगळं खातं बिननावाच्या वाक्यावर चालते. नाव विचारलं, की त्याला थांबावं लागते. आणि आपलं नावही दर वेळी सांगा: आम्ही अमक्या टोल्याचे, हे रान आम्ही राखतो, हा बांध आमच्या आजानं घातला, हे पान आम्ही खुडतो.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गावानं दोन वडीलधाऱ्यांची निवेदनं आणि आपल्या रानातल्या जागांच्या नावांची यादी आणावी. ज्या गावाचे सामूहिक दावे अजून भरायचे आहेत, त्यांनी नमुना ब आणि नमुना क सोबत आणावा. भरून द्यायला माणसं बसतील.

जय सेवा! जोहार! जंगल आमचं, हिशेबही आम्हीच मांडू!